पावकी, पाऊणकी आणि पॉइंट

(मंडळाच्या शिक्षण मदतनिधी कार्यक्रमात अल रीम आयलंड, अबू धाबी येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)





गाणी झाली, नाटुकलं झालं, लहान मुलांचा नाच झाला. आता त्यानंतर गणितावर बोलायला उभं राहायचं म्हणजे पुरणपोळीच्या पंगतीत कारल्याची भाजी वाढण्यासारखं आहे, याची मला पूर्ण कल्पना आहे. पण कारलंसुद्धा नीट केलं की लोक मागून घेतात. तेव्हा थोडा वेळ धीर धरा.

विषय अगदी लहान आहे. दशांश अपूर्णांकांचा गुणाकार आणि भागाकार. हाच विषय घेण्याचं कारण सांगतो. आजचा निधी गावाकडच्या जिल्हा परिषद शाळांमध्ये गणिताचं साहित्य पोहोचवण्यासाठी आहे. आणि या बेटावरच्या आपल्या घरांतही सहावी-सातवीतलं एखादं मूल संध्याकाळी वही उघडून याच ठिकाणी अडलेलं असतं. शाळा लांब लांब आहेत, पण अडण्याची जागा एकच आहे. पाचवीपर्यंत गणितात रमणारं मूल या ठिपक्यापाशी येतं आणि म्हणायला लागतं, ‘मला गणित जमत नाही.’ एकदा हे वाक्य मनात बसलं की पुढे टक्केवारी, व्याज, बीजगणित सगळ्याचीच धास्ती बसते. म्हणून हा ठिपका लहान असला तरी प्रश्न लहान नाही.

आधी एक गंमत बघा. आपल्यापैकी जे साठी-सत्तरीच्या पुढचे आहेत, किंवा ज्यांचे आई-वडील सध्या इथे मुक्कामाला आलेले आहेत, त्यांनी घरी जाऊन विचारावं की पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी म्हणजे काय. पावकी म्हणजे पावाचा पाढा, निमकी अर्ध्याचा, पाऊणकी पाऊणचा, सवायकी सव्वाचा, दिडकी दीडचा, अडीचकी अडीचचा आणि औटकी साडेतीनचा. जुन्या मराठी शाळेत मुलं हे पाढे तालावर म्हणत. आता आजच्या भाषेत मांडून बघा. पावकी म्हणजे ०.२५ ने गुणणं, पाऊणकी ०.७५ ने, सवायकी १.२५ ने, औटकी ३.५ ने. म्हणजे आपल्या आजोबांनी दशांशांचा गुणाकार ठिपक्याशिवायच पाठ केला होता! तेच मूल आज शाळेत ‘पॉइंट सेव्हन फाइव्ह’ म्हणतं आणि त्याची आजी ‘पाऊण’ म्हणते. दोघं एकच संख्या बोलतात, पण एकमेकांचं कळत नाही.

हे पाढे हवे होते, कारण व्यवहार तसा होता. एका रुपयाचे सोळा आणे, एका आण्याचे चार पैसे, किंवा बारा पै. १ एप्रिल १९५७ रोजी भारतात दशमान नाणी आली आणि रुपयाचे शंभर ‘नये पैसे’ झाले. आता एक आणा म्हणजे किती नये पैसे? शंभराला सोळाने भागा, उत्तर ६.२५. नाणं तर पाव पैशाचं नाही. म्हणून एका आण्याला ६, दोन आण्यांना १२, तीन आण्यांना १९ आणि चार आण्यांना २५ नये पैसे असं कोष्टक ठरलं. तीन आणे खरे १८.७५, ते १९ झाले. कोणी सोळा वेळा एकेक आणा सुटा दिला, तर हिशेबाने शंभर नये पैसे व्हायला हवेत, पण कोष्टकाने ९६ च होत. दशांश चिन्हाच्या पुढचं सोडून दिलं की काय होतं, हे त्या काळी किराणा दुकानात पुडी बांधताना लोकांनी शिकून घेतलं. पुढे १९६४ साली ‘नये’ हा शब्द गेला आणि नुसता पैसा उरला. २०११ च्या जूनअखेर २५ पैशांचं नाणंही चलनातून गेलं. तरी ‘चार आण्याची अक्कल नाही’ हे आपण अजून म्हणतोच, नाही का?

आता आपण ज्या भूमीवर बसलो आहोत तिथलं बघा. १९६६ पर्यंत इथेही रुपयाच चालत होता. १९५९ पासून तो भारतीय रिझर्व्ह बँकेने खास आखातासाठी काढलेला ‘गल्फ रुपया’ होता. जून १९६६ मध्ये भारताने रुपयाचं अवमूल्यन केलं आणि इथल्या राज्यांनी तो सोडला. अबू धाबीने बहारीनचा दिनार घेतला. त्या दिनाराचे फिल्स शंभर नाहीत, हजार! म्हणजे किंमत लिहायची ती ३.२५० अशी, ठिपक्यापुढे तीन अंक. मग १९ मे १९७३ रोजी दिरहम आला आणि एका दिनाराला दहा दिरहम मिळाले. ३.२५० दिनार म्हणजे ३२.५० दिरहम. दहाने गुणलं, प्रत्येक अंक एक घर डावीकडे सरकला. त्या आठवड्यात अबू धाबीच्या बाजारात प्रत्येक दुकानदाराने हा गुणाकार केला असणार, आणि त्यासाठी कोणी शिकवणी लावली नसेल.

मुलांचं अडतं कुठे, ते आता नीट पाहू. माझ्या मते तीन ठिकाणी.

पहिली जागा वाचनाची. ३.५ मोठा की ३.२५, असं विचारलं की बरीच मुलं ३.२५ म्हणतात. का? कारण आपण वाचतो ‘तीन पॉइंट पंचवीस’. पंचवीस पाचापेक्षा मोठे, म्हणजे हीच संख्या मोठी! मुलाचा तर्क चुकीचा नाही, आपलं वाचन चुकीचं आहे. ‘तीन दशांश चिन्ह दोन पाच’ असं वाचायला हवं. मराठीत आधीच एकक पुढे आणि दशक मागे अशी बोलण्याची रीत आहे. पंचवीसमध्ये पाच आधी ऐकू येतात. याच अडचणीवरून २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस पाच’ असं वाचनही दिलं गेलं, आणि केवढा गदारोळ झाला ते आपल्याला आठवत असेल. गणित विषय समितीच्या प्रमुख तेव्हा डॉ. मंगला नारळीकर होत्या. ‘गणितगप्पा’ लिहून मराठी मुलांशी गणिताच्या गोष्टी करणाऱ्या या बाई २०२३ मध्ये गेल्या. त्या वादात कोण बरोबर, यात आज शिरत नाही. पण संख्येचं नाव आणि संख्येची घरं यांत अंतर पडलं की मूल गोंधळतं, हा त्यातला मुद्दा खरा आहे.

इथे राहणाऱ्या मुलांना त्यात आणखी एक भर. अरबी अंकांत शून्य लिहितात ते ठिपक्यासारखं, आणि आपल्या शून्यासारखं गोल दिसतं ते तिथे पाच असतं. दुकानातल्या पाटीवर अरबी आणि इंग्रजी दोन्ही आकडे असतात. लहान मुलाला एका पाटीवर ठिपका म्हणजे शून्य आणि दुसऱ्या पाटीवर ठिपका म्हणजे दशांश चिन्ह. हे मुलांना एकदा समोर बसवून दाखवा. त्यांना फार मजा वाटते.

दुसरी जागा मनातल्या एका समजुतीची. ‘गुणलं की वाढतं, भागलं की कमी होतं.’ चौथीपर्यंत हे खरंच असतं, म्हणून ते पक्कं बसतं. मग सहावीत ०.५ × ०.५ येतं आणि उत्तर ०.२५. मूल म्हणतं, गुणलं तरी कमी कसं? इथे आजीला बोलवा. निम्म्याचं निम्मं किती? पाव! आजी एका शब्दात सांगते. पोळीचे दोन भाग करा, त्यातल्या एकाचे पुन्हा दोन करा. पुढे ०.३ × ०.४ साठी दहा चौकटी रुंद आणि दहा चौकटी उंच असा कागद घ्या. सगळा कागद म्हणजे एक. एका बाजूने तीन चौकटी, दुसऱ्या बाजूने चार. आतल्या चौकटी बारा, आणि एकूण चौकटी शंभर. म्हणून उत्तर बारा शतांश, ०.१२. गुण्यात ठिपक्यापुढे एक अंक, गुणकात एक, उत्तरात दोन. हा नियम आपण पाठ केला होता, पण तो का, हे त्या कागदावर डोळ्यांना दिसतं. दशांश गुणिले दशांश म्हणजे शतांश, एवढंच.

भागाकारातही तेच. ६ ÷ ०.५ किती? मूल म्हणतं ३. त्याला विचारा, सहा लिटर ताक आहे, अर्ध्या लिटरचे तांबे किती भरतील? लगेच म्हणेल बारा. भागून उत्तर वाढलं, आणि त्याला त्यात काही नवल वाटलं नाही!

तिसरी जागा ‘ठिपका सरकवण्याची’. ४.५० ÷ ०.१५ करताना आपण सांगतो, दोन्हीकडचा ठिपका दोन घरं सरकव, मग ४५० ÷ १५, उत्तर ३०. मूल करतं, पण ती त्याला जादू वाटते, आणि जादू परीक्षेच्या दिवशी विसरते. त्यापेक्षा असं सांगा. साडेचार दिरहम आहेत. एक गोळी पंधरा फिल्सची. दिरहमला फिल्सने कसं भागणार? आधी साडेचार दिरहमचे फिल्स करू, ४५०. आता फिल्स भागिले फिल्स, गोळ्या तीस. आपण फक्त माप बदललं, आणि दोन्हीकडे सारखंच बदललं, म्हणून उत्तर तेच राहिलं. हे एकदा समजलं की जादूची गरज नाही.

या सगळ्याच्या आधी एक सवय लावा. उत्तर काढण्यापूर्वी अंदाज करायचा. उदाहरण घेऊ. आजीच्या पाटल्या अडीच तोळ्यांच्या. जुना तोळा ११.६६४ ग्रॅमचा. अबू धाबीच्या, दुबईच्या सोन्याच्या बाजारात दहा तोळ्यांची लगड म्हणतात ती म्हणूनच ११६.६४ ग्रॅमची. आता २.५ × ११.६६४. आधी अंदाज, अडीच बारे तीस, म्हणजे तीसपेक्षा थोडं कमी. मग ठिपका विसरून २५ × ११६६४ करा, २९१६०० येतात. ठिपक्यापुढे तीन आणि एक, चार अंक. उत्तर २९.१६ ग्रॅम. अंदाजाशी जुळलं. कोणाचं २.९१६ किंवा २९१.६ आलं असेल तर त्याला स्वतःलाच कळेल. आणि एक व्यवहाराची गोष्ट. गावाकडे हल्ली सराफ तोळा म्हणजे सरळ दहा ग्रॅम धरतात. त्या हिशेबाने अडीच तोळे पंचवीसच ग्रॅम. जुना तोळा की नवा, हे विचारल्याशिवाय पाटल्या मोडायला देऊ नका. फरक ४.१६ ग्रॅमचा आहे!

हा विषय फक्त परीक्षेपुरता नाही, म्हणून आणखी तीन ठिकाणं सांगतो.

पहिलं, दुकानाचं बिल. इथे १ जानेवारी २०१८ पासून पाच टक्के व्हॅट आहे. बिल ८४ दिरहमचं आलं, त्यात कर धरलेला आहे. मूळ किंमत किती? बहुतेक लोक ८४ चे पाच टक्के, ४.२०, वजा करतात आणि ७९.८० म्हणतात. पण कर मूळ किमतीवर लागलेला आहे, तिला १.०५ ने गुणून ८४ झाले. मग परत जायचं तर १.०५ ने भागायला हवं. ८४ ÷ १.०५, म्हणजे ८४०० ÷ १०५, म्हणजे ८०. गुणून आलात तर भागून परत जा. वीस फिल्सचाच फरक आहे, पण छोटं दुकान चालवणाऱ्याला रोज शंभर बिलं असतात.

दुसरं, घरी पाठवायचे पैसे. आपल्यापैकी बहुतेकांना फोनवर दर दिसतो. पण साइटवर काम करणारे आपले बांधव महिन्याच्या पगाराचे पैसे पाठवतात तेव्हा त्यांच्यासाठी ठिपक्यापुढचे दोन अंक फार महत्त्वाचे असतात. समजा, केवळ उदाहरणासाठी, एका ठिकाणी दिरहमला २२.७५ रुपये मिळतात आणि दुसरीकडे २२.६०. पंधरा पैसे, त्याचं काय एवढं, असं वाटतं. १,२०० दिरहम पाठवले तर १,२०० × ०.१५, म्हणजे १८० रुपये. वर्षाचे २,१६० रुपये. गावाकडे दोन मुलांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च यात बसतो. त्यातून पाठवणावळ वेगळी. ती कुठे कमी, कुठे जास्त. दर चांगला आणि पाठवणावळ जास्त, असं असेल तर काय घ्यावं, हे ज्याला दशांशांचा गुणाकार येतो तोच ठरवू शकतो. उलटा हिशेबही तसाच. घरी ४५,५०० रुपये हवेत, दर २२.७५, तर ४५,५०० ÷ २२.७५, म्हणजे २,००० दिरहम.

तिसरं, दवाखाना. इथल्या रुग्णालयांत आपल्याकडच्या किती तरी परिचारिका काम करतात. त्यांना विचारा, औषधाच्या मात्रेत ठिपका चुकला तर काय होतं. ०.५ मधलं पुढचं शून्य न लिहिता नुसतं ‘.५’ लिहिलं आणि ठिपका पुसट आला, तर वाचणारा ५ वाचतो. मात्रा दहापट! आणि ५.० लिहिलं आणि ठिपका दिसला नाही तर ५०. म्हणून औषधसुरक्षेचा जगभर मानला जाणारा नियम आहे, की एकापेक्षा लहान संख्येच्या आधी शून्य लिहायचंच, आणि पूर्ण संख्येच्या मागे ठिपका आणि शून्य लिहायचं नाही. आपल्या मुलांना वहीतही हीच सवय लावली तर काय वाईट?

थोडं अभिमानाचंही बोलतो, पण जपून. दहा अंकांत सगळ्या संख्या लिहिण्याची रीत भारतातून अरबांकडे गेली, हे आपण सगळे सांगतो. त्यापुढची गोष्ट आपण कमी सांगतो. एककाच्या उजवीकडे तीच घरं पुढे चालू ठेवावीत, ही कल्पना आपल्याला आज उपलब्ध असलेल्या ग्रंथांत स्पष्टपणे दिसते ती दमास्कसच्या अल-उक्लिदिसीकडे, साधारण सन ९५२ मध्ये. त्याने एककाच्या अंकावर छोटी खूण केली. आणि त्याच्या पुस्तकाचं नाव काय? ‘हिंदी हिशेबा’विषयीचं! पुढे १४२७ मध्ये समरकंदला अल-काशीने दशांशांचे गुणाकार-भागाकार नीट मांडले, आणि १५८५ मध्ये सायमन स्टेव्हिनने ते युरोपातल्या व्यापाऱ्यांपर्यंत नेले. म्हणजे आपल्याकडून घरं गेली, इथल्या लोकांनी त्यांना उजवीकडे नवी घरं जोडली. या बेटावर आज सोरबॉनसारखं विद्यापीठ आहे, आणि आपली मुलं अरबी, मराठी, इंग्रजी तिन्ही अंक वाचत मोठी होतात. ही देवाणघेवाण त्यांना सांगा. त्यांना इथे परकं वाटणार नाही.

आता मुख्य मुद्द्यावर येतो, ज्यासाठी आपण जमलो आहोत. मुंबईत सुरू झालेली ‘प्रथम’ ही संस्था ‘असर’ नावाची पाहणी करते. २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता येणारी मुलं दहात साधारण तीन होती. हा साधा भागाकार आहे, ठिपका अजून आलेलाच नाही. उरलेली सात मुलं पुढच्या वर्षी सहावीत जातात आणि त्यांच्यासमोर ४.५० ÷ ०.१५ येतं. त्यांचा दोष काय? गुरुजींचाही बहुतेक ठिकाणी नाही. दोन-दोन वर्ग एकत्र सांभाळणाऱ्या शिक्षकाच्या हातात खडू आणि फळ्याशिवाय काही नसेल, तर तो ‘ठिपका सरकव’ एवढंच सांगू शकतो.

आणि लागणारं साहित्य काही महागडं नाही. दहा बाय दहाच्या चौकटींचे कागद. सेंटिमीटर-मिलिमीटरच्या खुणा असलेली मीटरची टेप. मापाचे पेले. ग्रॅम दाखवणारा साधा वजनकाटा. दशक-शतकाचे ठोकळे. खेळण्यातल्या नोटा आणि नाणी. मुलाने स्वतः १.२५ मीटर दोरी मोजून त्याचे ०.२५ चे तुकडे केले, आणि पाच तुकडे हातात आले, की त्याला भागाकार कळला. पुढच्या वेळी तो कागदावर करेल तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर ती दोरी असेल.

देणगीबद्दल एक सूचना. इथल्या २०२१ च्या कायद्याप्रमाणे देणगी गोळा करण्याचा अधिकार परवाना असलेल्या संस्थांनाच आहे. तेव्हा कोणीही हातोहात रोख रक्कम देऊ नये. मंडळाने ठरवलेल्या रीतसर मार्गानेच द्यावी आणि पावती घ्यावी. गणिताच्या निधीचा हिशेब तरी ठिपक्यापर्यंत चोख असायला हवा!

पण पैशांबरोबर आणखी एक देणगी मागतो. आठवड्यातून एक तास. आपल्यात अभियंते आहेत, हिशेबनीस आहेत, परिचारिका आहेत, घरखर्च चोख सांभाळणाऱ्या गृहिणी आहेत. प्रत्येकाने शेजारच्या एका मुलाला घेऊन वाणसामानाचं बिल सोडवावं. ०.७५० किलो टोमॅटो, किलोचा भाव ६ दिरहम, किती झाले? आजी घरी असेल तर तिला पाऊणकी म्हणायला सांगा आणि मुलाला कागदावर करू द्या. दोघांचं उत्तर साडेचार येईल. त्या क्षणी मुलाच्या चेहऱ्याकडे बघा, आणि आजीच्याही.

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, कारल्याची भाजी पानात टाकली नाहीत, त्याबद्दल मनापासून आभार. जेवण तयार आहे असं खूण करून सांगताहेत, तेव्हा थांबतो.